शेवटच्या खोलीतली घंटी

१

मास्तरांना माणसं हवी होती. फार नाही, रोज एखादं. दुपारी येऊन कॉम्प्युटरसमोर बसेल, खेळ खेळेल, अडेल, चिडेल आणि आपल्या घरी जाईल, असं कुणीही. पण सोपी दिसणारी कामंच नाकी नऊ आणतात. घरी या, खेळ खेळा, वर कॉफी-बिस्किटं मीच देतो, असं सत्तरीला टेकलेला माणूस रस्त्यात थांबवून सांगायला लागला, की लोक आधी हसतात आणि मग पलीकडच्या फुटपाथवर जातात. मास्तरांना आता त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

खेळ त्यांच्या मुलीचा. घरात तिला ठकी म्हणत. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ती स्वतःच इकडेतिकडे बघायची. कोडी रचणं हा तिचा धंदा होता आणि व्यसनही. मैत्रिणीबरोबर वर्षानुवर्षं खपून तिने हा खेळ उभा केला होता. एक छोटंसं माणूस हातात कंदील घेऊन एका घरात फिरतं. प्रत्येक खोलीत एक कोडं. ते सुटलं की पुढचं दार उघडतं. कोडी ठकीची, चित्रं आणि आवाज मैत्रिणीचे. ही मैत्रीण अंगाने इतकी बारीक, की ठकीने तिला पेन्सिल म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. शेवटची खोली ठकीने हॉस्पिटलच्या खाटेवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन रचली. खोली पुरी झाली आणि आठवडाभरात ठकी गेली. त्या खोलीचं उत्तर तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

असला खेळ बाजारात आणायच्या आधी परक्या माणसांकडून खेळवून घ्यावा लागतो, हे मास्तरांना पेन्सिलने समजावलं. अशा माणसाला प्लेटेस्टर म्हणतात. मास्तर म्हणाले, सरळ परीक्षार्थी म्हण की. नियम दोनच. परीक्षार्थी कोरा हवा. एकदा खेळ पाहिला की तो माणूस कामातून गेला, ओढलेल्या काडीसारखा. त्याला परत वापरता येत नाही. आणि दुसरा नियम असा, की खेळवणाऱ्याने मागे बसून नुसतं बघायचं. समोरचा कुठे अडतो, कुठे वैतागतो ते बघायचं, पण तोंडातून ब्र काढायचा नाही.

हा दुसरा नियम ऐकून मास्तरांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. जन्मभर त्यांनी गणित शिकवलं ते याच एका तत्त्वावर. उत्तर सांगायचं नाही. ठकी लहान असताना जेवणाच्या टेबलाशी गणित घेऊन बसायची आणि मास्तर तिच्या मागे खुर्ची टाकून बसायचे. पोर रडो, पाय आपटो, ‘एकदाच सांगा ना बाबा’ म्हणो, मास्तर गप्प. शाळेत दंगा करणाऱ्या वर्गाला ते ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ अशी शिक्षा देत. घरी ती शिक्षा त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. उत्तर आलं की ठकी टाळ्या वाजवायची आणि मगच मास्तर तोंडावरचं बोट काढायचे. ठकीची आई लवकर गेली. त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं म्हणा, खेळणं म्हणा, बरंचसं हेच होतं.

पेन्सिलची अडचण सरळ होती. ज्या खेळाचा शेवट कुणाला गाठताच येत नाही तो विकायचा कसा? ओळखीच्या कुणा जाणकाराला बोलावून ती खोली आतून उघडून बघू, असं तिने सुचवलं, तर मास्तर उसळले. कोडं फोडून बघायचं नसतं, खेळून सुटलं पाहिजे. पेन्सिलला स्वतःला ते खेळवत नव्हतं. त्या खोलीच्या दाराशी आलं की तिचे डोळे भरायचे आणि ती बंद करून टाकायची. शेवटी ठरलं ते असं. महिनाअखेरपर्यंत एका तरी माणसाने ती खोली पार केली तर खोली राहील. नाही तर पेन्सिल ती कापून टाकेल आणि खेळ आदल्या खोलीतच संपेल.

“काका, मला काय हौस आहे का?” ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. मुलीच्या हातचं शेवटचं असं जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते कापायचं की ठेवायचं हे आता रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाच्या डोक्यावर अवलंबून होतं.

२

पहिला गळाला लागला तो कोपऱ्यावरचा औषधवाला. ठकीच्या आजारपणात मास्तर रोज त्याच्या दुकानात जात, त्यामुळे त्याला नाही म्हणवेना. ठकीला त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिचा आजार मात्र तो चिठ्ठ्यांवरून ओळखून होता.

ठकीच्या कामाच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर मोठा स्क्रीन, त्याच्या डोक्यावर बोटाएवढा कॅमेरा आणि समोर खेळणाऱ्याची खुर्ची. मास्तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून डाव्या अंगाला, जरा मागे बसले. उजवीकडे भिंतीला टेकून ठकीचं उंच स्टूल होतं. त्याचा एक पाय किंचित आखूड, त्यामुळे कुणी वजन टाकलं की ‘टक’ असं वाजायचं. त्यावर आता कुणी बसत नसे. मास्तर ते पुसून ठेवत, एवढंच.

सुरू करायच्या आधी मास्तरांनी एक तंबी दिली. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक घंटी होती. खेळणारा फारच अडला तर त्याने ती वाजवायची, की एका ओळीची सूचना समोर यायची. ठकीने हे लाड कशाला ठेवले ते मास्तरांना कळत नव्हतं. “त्या घंटीला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “ती आळशांसाठी आहे.” हे ते रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी सांगत, त्यामुळे पेन्सिलच्या कानावर ते कधी गेलंच नाही. पोटच्या पोरीच्या खेळात मास्तरांनी परस्पर आपला एक नियम घुसवला होता, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

औषधवाला हुशार निघाला. गोळ्यांच्या बाटल्या चाळाव्यात तशा त्याने खोल्या चाळल्या. मग शेवटचं दार आलं. या खेळात एका खोलीतून दुसरीत जाताना क्षणभर सगळा स्क्रीन काळा होतो. तो झाला, आणि ती खोली उजळली.

तसं तिथे काहीच नव्हतं. जेवणाचं एक टेबल, टेबलाशी एक खुर्ची, तिच्या मागे थोड्या अंतरावर दुसरी खुर्ची, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आणि समोर दार. औषधवाल्याने घड्याळ हलवलं, खुर्च्या सरकवल्या, टेबलाखाली कंदील नेला. दार काही उघडेना. शेवटी त्याने हात टेकले. मास्तर हाताची घडी घालून सगळं बघत होते. त्या दोन खुर्च्या कुठल्या, ते त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं.

जाताना औषधवाला बूट चढवता चढवता म्हणाला, “मास्तर, एक सांगू? मागे एक माणूस बसलेलं चालतं. दोघं-दोघं बघायला लागली की घाम फुटतो.”

कॅमेऱ्याचं म्हणत असेल बिचारा, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी दार लावलं आणि कप विसळायला घेतले.

३

पेन्सिल दिवसभर दुसरीकडे नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी येऊन रेकॉर्डिंग बघायची. एका बाजूला खेळ, कोपऱ्यात छोट्या चौकटीत खेळणाऱ्याचा चेहरा. माणूस कुठे उसासा टाकतो, कुठे भुवया चढवतो, ते ती टिपून घ्यायची.

शेवटच्या खोलीत औषधवाला तीनदा मागे वळला. अडलेला माणूस मागे वळून बघतोच, त्यात नवल नाही. पण तो वळत होता उजव्या खांद्यावरून. मास्तर डावीकडे बसले होते. आणि प्रत्येक वेळी तो वळायच्या आधी एक बारीक आवाज होता. टक.

“काका, किती चुळबुळ करता हो,” पेन्सिल म्हणाली. “स्टूल वाजतंय बघा.”

“मी स्टुलावर बसत नाही,” मास्तर म्हणाले.

पेन्सिलने भिंतीकडे पाहिलं. निघताना तिने त्या बाजूने न जाता टेबलाला वळसा घातला.

मास्तर गणिताचे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या सहकाऱ्यांची त्यांनी आयुष्यभर रेवडी उडवलेली. त्यांनी कारणं काढली. हवा बदलली की लाकूड फुगतं, वाजतं. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की फरशी हलते. शिवाय माईक स्वस्तातला आहे. तिन्ही कारणं पटण्यासारखी होती. तरी त्यांनी कागदाची घडी करून स्टुलाच्या आखूड पायाखाली सारली आणि स्वतः त्यावर बसून पाहिलं. आवाज आला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण ठकीच्या स्टुलावर बसलो आहोत, आणि त्यांना एकदम भडभडून आलं.

त्यांना हॉस्पिटलमधली ती दुपार आठवली. खरं तर ती दुपार ते विसरलेच कधी होते? डॉक्टरांनी सकाळी त्यांना बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं होतं. ते खोलीत परत आले तेव्हा ठकीने नुकतंच शेवटच्या खोलीचं काम संपवलं होतं. तिने लॅपटॉप मिटला, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, सांगा ना. मी बरी होणार आहे ना?”

मास्तरांची जीभच उचलेना. मग जन्मभर जे करत आले तेच त्यांनी केलं. खुर्ची ओढून बसले, हाताची घडी घातली आणि ओठांवर बोट ठेवलं. पोरगी हसली. गुणाची पोर ती, बापाची लाज राखायला हसली. पण तिने पुन्हा विचारलं नाही, आणि पुढे विचारायला ती शुद्धीवर राहिली नाही.

४

माणसं येत राहिली. लिफ्ट दुरुस्त करणारा आला, केस कापणारा आला, कुणाचा भाऊ, कुणाची सून आली. मास्तर आता लाज सोडून माणसं पकडत होते. शेवटच्या खोलीत सगळ्यांचीच गाडी रुतायची, आणि रुतली की प्रत्येक जण मागे बघायचा, तो उजव्या खांद्यावरून. काही जणांनी नंतर खुर्ची जरा डावीकडे ओढून घेतली. का ओढली, हे विचारल्यावर त्यांना सांगता आलं नाही.

दरम्यान स्टुलाखालची कागदाची घडी दोन हात लांब फरशीवर सापडू लागली. मास्तर ती परत सारत. मग एक दिवस स्टूल भिंतीपासून सुटं दिसलं. झाडताना आपणच सरकवलं असेल, असं म्हणत त्यांनी ते जागेवर लावलं. दुसऱ्या दिवशी ते आणखी पुढे होतं. खेळणाऱ्याच्या खुर्चीच्या मागे, थोडं उजवीकडे, बघायला सोयीचं पडेल अशा जागी. घर मास्तर स्वतःच झाडत. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या तेव्हा मात्र मास्तरांच्या कारणांचा साठा संपला. आजी खेळल्या थोडंसं, गप्पाच जास्त मारल्या. शेवटच्या खोलीपर्यंत मास्तरांनीच त्यांना कंदील नेऊन दिला, कारण मास्तरांना तेवढंच दाखवायचं होतं. आजींनी ते रिकामं जेवणघर निरखून पाहिलं. मग गुडघे धरून उठल्या, दाराशी वळल्या आणि म्हणाल्या, “येते हं.”

“या,” मास्तर म्हणाले. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आजींनी निरोप घेतला तो त्यांचा नव्हे. आजी स्टुलाकडे बघत होत्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. आजारी माणसाला भेटून निघताना असतो तसा चेहरा होता.

त्या दिवशी मास्तरांनी खोलीला कडी घातली आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. भीती वाटत होती, हे उगीच नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या भीतीच्या पोटात दुसरं काहीतरी होतं, ज्याची त्यांना जास्त भीती वाटत होती. त्यांना वाटत होतं, उद्या कुणी परीक्षार्थी मिळाला नाही तर? कुणी खेळायला बसलं नाही, तर ती कशाला येऊन बसेल? त्यांनी उठून कडी काढली, कोट घातला आणि माणूस शोधायला बाहेर पडले.

५

शेवटची सापडली ती गाडी चालवायला शिकवणारी बाई. तिचा स्वभाव मास्तरांच्या बरोबर उलटा. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर दुसऱ्याला सांगणं हेच तिचं काम. घंटीबद्दलची तंबी तिने ऐकली, हो-हो म्हणाली आणि मास्तर स्वयंपाकघरात कॉफी ओतत होते तेवढ्यात शेवटच्या खोलीत तिने घंटी वाजवली.

घंटीचा आवाज मास्तरांनी स्वयंपाकघरात ऐकला. ते कप घेऊनच तरातरा आले. बाई खुर्चीतून उठून पर्स शोधत होती. तोंडावरचा रंग उतरला होता.

“सूचना वगैरे काही आली नाही,” ती म्हणाली. “पण आवाज बेमालूम केलाय हं. अगदी कानात बोलल्यासारखा.”

“कुठला आवाज?”

“मागून. ‘सांगा ना’ म्हणते ती. मी म्हटलं, काय सांगू बाई, मलाच काही कळत नाहीये. तरी आपलं ‘सांगा ना’, ‘सांगा ना’.” बाई ओशाळं हसली. “लहान मूल हट्ट करतं ना, तसं नाही. थकलेलं वाटलं हो. मला नाही ऐकवलं.”

कॉफी न पिताच ती गेली. मास्तर दोन कप हातात धरून तसेच उभे राहिले.

रेकॉर्डिंग पेन्सिलला पाठवलं, तर तिचा लगेच फोन आला. आधी ती चिडली. त्या बाईने रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं, ‘घंटीला हात लावायचा नाही म्हणता, पण बघू’. म्हणजे इतके दिवस तुम्ही सगळ्यांना घंटी वाजवायला बंदी केली होती? सगळ्या चाचण्या पाण्यात गेल्या की! मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला, की दुसऱ्याला विचारून घेतलेलं उत्तर हे उत्तर नव्हे. पेन्सिलने त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

“काका, ती घंटी ठकीने तुमच्यासाठी ठेवली होती,” ती म्हणाली. “हसत सांगायची. म्हणायची, माझ्या बाबांना कुणाला काही विचारता येत नाही आणि कुणी विचारलं तर सांगता येत नाही. ते खेळतील तेव्हा त्यांना एकदा तरी वाजवावी लागेल.”

मास्तर फोन कानाशी धरूनच जेवणाच्या टेबलाशी बसले.

मग पेन्सिल हलक्या आवाजात म्हणाली, “त्या बाईंना कसला आवाज आला म्हणता? मी त्या खोलीत आवाज घातलेलाच नाही. रेकॉर्डिंगमध्ये पण नाहीये. नुसतं ते टक-टक आहे.”

उद्या महिना संपत होता. आता कुठून माणूस आणायचा, असं पेन्सिलने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, की तसे तुम्ही उरलाय. तुम्ही बघितलंय सगळं, पण ती खोली स्वतः खेळला एकदाही नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर खेळणाऱ्याच्या खुर्चीत बसले. खिडकीतून ऊन येत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं-पीं आवाज चालला होता. इतकी वर्षं त्यांची दुसऱ्यांच्या पाठी बघण्यात गेली होती. आपली पाठ दुसऱ्याकडे करून बसलं की मान किती उघडी वाटते, हे त्यांना आज कळलं. आणि आपली पोर अख्खं बालपण अशी बसली, हेही.

त्या बाईने अर्धवट सोडलेला खेळ त्यांनी आदल्या खोलीपासून सुरू केला. कंदील दाराशी नेला. दार उघडलं आणि स्क्रीन काळा झाला.

काळी काच म्हणजे आरसाच. तिच्यात मास्तर दिसले, खिडकी दिसली आणि त्यांच्या मागे, उजवीकडे, स्टूल दिसलं. टक. हॉस्पिटलच्या कपड्याची फिकट बाही, हाताची घडी, आणि त्या घडीतून वर आलेल्या मनगटावर नावाची प्लास्टिकची पट्टी. बोट ओठांवर ठेवलेलं. ओठांच्या वरचं दिसायच्या आत जेवणघर उजळलं आणि काचेत टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या.

मास्तर मागे वळले नाहीत. वळायची छाती झाली नाही असं म्हणा, किंवा वळलं तर काही दिसणार नाही याची भीती वाटली असं म्हणा. त्यांनी दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. मग माऊस घेतला आणि कोपऱ्यातली घंटी वाजवली.

स्क्रीनवर काही आलं नाही. मास्तरांनी माऊस सोडून दिला. उजव्या कानाशी गारवा जाणवला. ती काय विचारणार हे त्यांना माहीत होतं.

“सांगा ना, बाबा.”

त्यांच्या डोक्याने पुन्हा कारणं शोधली. म्हातारपण, जागरणं, कान. एकही लागू पडेना. आणि मग एक विचार आला, आणि तो इतका गोड होता की त्यांना स्वतःची शिसारी आली. गप्प बसावं. गप्प बसण्यात आपला हात कोण धरणार? उत्तर मिळेपर्यंत ही उठणार नाही, तशी सवय आपणच लावली आहे. खोली कापली तर कापली. आपण नुसतं बोलायचं नाही. रोज दुपारी इथे बसायचं, घंटी वाजवायची, तिने विचारायचं आणि आपण गप्प. घरात कुणीतरी असेल.

“सांगा ना.”

हात दुखत असेल तिचा, मास्तरांना वाटलं. इतके महिने पोरीने तो असा धरून ठेवलाय. शाळेत मुलांचे हात पाच मिनिटांत भरून यायचे, मुलं काकुळतीला यायची आणि मग आपण म्हणायचो, बरं, सोडा आता. हिला कुणी सोडच म्हटलं नाही.

“नाही, ठके,” मास्तर म्हणाले. आवाज फाटला, तरी ते थांबले नाहीत. “तू बरी होणार नव्हतीस. मला सकाळीच कळलं होतं. मला सांगता आलं नाही गं. चुकलं माझं. सोड तो हात आता, दुखला असेल.”

मागे काही हललं नाही. खालची गाडी कधीच गेली होती. मास्तर तसेच बसून राहिले, हात मांडीवर, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग टक असा आवाज झाला. वजन पडल्याचा नव्हे, उठल्याचा. तो फरक त्यांना कळत होता. खोलीच्या दारापर्यंत अनवाणी पावलं गेल्यासारखी वाटली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवरचं ते दार सताड उघडं होतं.

पेन्सिलला त्यांनी फोनवर उत्तर सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला असं उत्तर सांगितलं असेल. घंटी वाजवायची आणि मग कशालाही हात न लावता नुसतं थांबायचं, एवढंच होतं ते. तिने स्वतः करून पाहिलं आणि ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, काका, बरोबर आहे, असंच केलंय तिने, एवढं साधं मला कसं सुचलं नाही. दुसरा काही आवाज आला का, असं मास्तरांनी विचारलं. नाही, ती म्हणाली.

खोली राहिली. खेळ बाजारात आला. लोक खेळतात, चांगलं बोलतात, शेवटच्या खोलीबद्दल तर भरभरून लिहितात, आणि पेन्सिल ते मास्तरांना वाचून दाखवते.

मास्तर अजून रोज दुपारी त्या खुर्चीत बसतात. स्टूल त्यांनी उजवीकडे, मागे, बघायला सोयीचं पडेल असं ठेवलं आहे आणि आखूड पायाखालची कागदाची घडी काढून टाकली आहे. ते कंदील आत नेतात, काळ्या काचेत नीट बघून घेतात, घंटी वाजवतात. मग हाताची घडी घालतात, तोंडावर बोट ठेवतात आणि कान देऊन थांबतात. थोड्या वेळाने दार उघडतं. दर वेळी उघडतं.